रस्त्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणावे? धरमपेठेतील सहा रविवारांच्या वर्गाविषयी

मालवाहतुकीच्या कागदपत्रांचे स्पॅनिश भाषांतर करणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे, आणि तरीही गेल्या वर्षी माझ्या हातून अशी एक चूक झाली की तिच्यापायी मला पुन्हा विद्यार्थिनी होऊन बाकावर बसावे लागले. चालकांसाठी लिहिलेल्या एका सूचनापुस्तिकेत इंग्रजी ‘रोड’ हा शब्द चौतीस वेळा आला होता आणि मी तो चौतीसही ठिकाणी ‘कार्रेतेरा’ असा लिहून मोकळी झाले होते. ग्राहक बोगोटाचा होता. त्याचे उत्तर अतिशय सभ्य होते, पण त्यातला प्रश्न झोंबणारा होता: तुमचा चालक गोदामातून निघून दुकानाच्या दारात पेटी उतरवेपर्यंत एकदाही गावात शिरत नाही काय? कार्रेतेरा म्हणजे गावांना जोडणारा, वस्तीबाहेरचा रस्ता. दुकानाच्या दारापुढे कार्रेतेरा नसते, हे मला व्याकरणाच्या पुस्तकांतून ठाऊक होते, पण मराठीत सगळ्यालाच ‘रस्ता’ किंवा ‘रोड’ म्हणण्याची जिभेची सवय हातात उतरली होती.

त्यानंतर दोनच महिन्यांनी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका भाषावर्गाने केवळ रस्त्यांच्या शब्दांवर सहा रविवारांचा छोटा अभ्यासक्रम जाहीर केला, तेव्हा मी पहिल्याच दिवशी नाव नोंदवले. वर्गाचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे मला काही तक्रारीही मांडायच्या आहेत. शुल्क ३,६०० रुपये, दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा, विद्यार्थी बारा आणि सोबत ४८ पानांची एक छापील पुस्तिका, असा एकूण व्यवहार होता. ज्यांनी स्पॅनिशच्या पहिल्या दोन पायऱ्या, म्हणजे ए-१ आणि ए-२, पूर्ण केल्या आहेत त्यांच्यासाठीच हा वर्ग असल्याचे जाहिरातीत स्पष्ट म्हटले होते. प्रत्यक्षात मात्र शुल्क भरणाऱ्या कोणालाही प्रवेश मिळाला, आणि क्रियापदे नुकतीच चालवू लागलेल्या दोन मुलांमुळे दुसऱ्या रविवारचा बराच वेळ वाया गेला.

शिकवणाऱ्या मॅडमची पद्धत मात्र मला मनापासून आवडली. पहिल्या दिवशी शब्दांची यादी न देता त्यांनी प्रत्येकाच्या हातात नागपूरचा एक मोठा कोरा नकाशा ठेवला. त्यात रस्त्यांच्या रेघा होत्या, नावे नव्हती. प्रत्येक रेघेला शब्द देण्यापूर्वी तीन गोष्टी विचारायच्या, असा त्यांचा दंडक होता: रस्ता वस्तीत आहे की वस्तीबाहेर, त्यावरून माणूस, गुरे आणि बैलगाडी जाते की केवळ मोटार, आणि आपले वाक्य वाचणारा माणूस कोणत्या देशातला आहे. तिसरा प्रश्न त्यांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिला. पुस्तिका छापणाऱ्याने तो वाचलेला दिसत नाही, पण त्याविषयी पुढे.

सुरुवात अर्थातच ‘काये’पासून झाली. वस्तीतल्या, दोन्ही बाजूंना घरे किंवा दुकाने असलेल्या रस्त्याचा हा साधा शब्द आहे आणि तो लॅटिनमधल्या ‘कालिस’पासून, म्हणजे पायवाटेच्या किंवा गुरांच्या वाटेच्या शब्दापासून आला आहे. उच्चार ऐकल्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी “काय ए?” असे अस्सल नागपुरी उत्तर दिले आणि वर्ग हसला, पण त्या विनोदामुळे शब्द कायमचा लक्षात राहिला, हेही खरे. मराठीत ‘रस्ता’ पुल्लिंगी असल्यामुळे आमच्यातल्या निम्म्या लोकांनी सहाही रविवार ‘एल’ हे पुल्लिंगी उपपद लावून ‘एल काये’ म्हणण्याचा हट्ट धरला. ‘काये’, ‘कार्रेतेरा’, ‘आबेनिदा’ (रुंद, मोठा रस्ता), ‘आउतोपिस्ता’ (द्रुतगती मार्ग) ही सगळी मंडळी स्त्रीलिंगी आहेत. पुल्लिंगी आहेत ते ‘कामीनो’ (वाट), ‘पासेओ’ (फेरफटक्याचा रस्ता) आणि ‘सेंदेरो’ (पायवाट). मॅडमनी यावर एक उपाय सुचवला, की ‘काये’ला मनातल्या मनात ‘सडक’ म्हणावे. आमच्या विदर्भात सडक हा शब्द अजून जिवंत असल्यामुळे हा उपाय निदान माझ्यापुरता लागू पडला.

इतवारीचा तास हा या अभ्यासक्रमातला सर्वांत सरस तास होता, असे मी निःसंकोचपणे म्हणेन. नागपूरच्या इतवारी या जुन्या बाजारपेठेत सराफा ओळ आहे, भांडे ओळ आहे, किराणा ओळ आहे. ज्या धंद्याची दुकाने तिथे एका रांगेने बसली त्या धंद्याच्या नावावरून रस्ता ओळखला जातो. ही ‘ओळ’ स्पॅनिशमध्ये कशी न्यावी, यावर आम्ही बराच वेळ झटापट केली, आणि मग मॅडमनी माद्रिदच्या प्लासा मायोर या चौकाच्या आसपासचा नकाशा उलगडला. तिथे सुरीकारांची ‘काये दे कुचियेरोस’ आहे, भरतकाम करणाऱ्यांची ‘काये दे बोर्दादोरेस’ आहे आणि पितळकाम करणाऱ्यांची ‘काये दे लातोनेरोस’ आहे. म्हणजे ओळ या शब्दाला स्पॅनिश प्रतिशब्द शोधण्याची गरजच नव्हती. ‘काये दे’ म्हटले आणि पुढे धंद्याचे अनेकवचन ठेवले की ओळ आपोआप तयार होते. सराफा ओळीसाठी ‘काये दे प्लातेरोस’ हे मी माझ्या वहीत लिहिले, आणि गल्लीविषयीचा त्यांचा इशाराही त्याखालीच टिपून ठेवला. अरुंद रस्ता दिसला की विद्यार्थी ‘कायेख्वेला’ किंवा ‘कायेखोन’ लिहायला धावतात. परंतु ‘कायेख्वेला’ या लघुरूपाला थोडा कमीपणाचा वास आहे आणि ‘कायेखोन’ म्हणजे भिंतींच्या मधला बोळ, जो पुढे बंदही असू शकतो. ज्या गल्लीत सकाळपासून रात्रीपर्यंत सोन्याचा व्यवहार चालतो तिला बोळ म्हटले तर सराफ रागावेल. ती अरुंद असली तरी ‘काये’च आहे, फार तर पुढे अरुंद अशा अर्थाचे विशेषण लावावे.

वर्धा रोडवर मात्र अख्खा एक रविवार खर्च झाला, आणि तो सार्थकी लागला. नागपूरचे मोठे रस्ते ज्या गावाकडे जातात त्या गावाचे नाव धारण करतात: वर्धा, अमरावती, कामठी, भंडारा, उमरेड, काटोल. माद्रिदमध्येही तोलेदोकडे जाणारी ‘काये दे तोलेदो’ आहे, सेगोबियाकडे तोंड केलेली ‘काये दे सेगोबिया’ आहे. प्रश्न असा, की सीताबर्डीहून निघालेला वर्धा रोड कोणत्या क्षणी ‘काये’ किंवा ‘आबेनिदा’ राहत नाही आणि ‘कार्रेतेरा’ होतो? कोणी विमानतळ म्हटले, कोणी महापालिकेची हद्द म्हटली, तर कोणी जिथे चौकाला ‘स्क्वेअर’ म्हणणे थांबते तिथे, असे उत्तर दिले, जे मला वाटते सर्वांत नागपुरी उत्तर होते. मॅडमचा निर्णय असा होता की सरकारी हद्दीपेक्षा वस्तीचे स्वरूप पाहावे: जोवर पादचारी, दुकाने आणि सिग्नल आहेत तोवर रुंद, महत्त्वाच्या रस्त्याला ‘आबेनिदा’, शेते आणि कारखाने सुरू झाले की ‘कार्रेतेरा’. आणि तोच महामार्ग पुढे जेव्हा एखाद्या गावाच्या पोटातून जातो तेव्हा त्या तुकड्यापुरता स्पॅनिश वाहतूक कायद्यात वेगळा शब्द आहे, ‘त्राबेसिया’. मराठीत या तुकड्याला स्वतंत्र नाव नाही, ही गोष्ट बुटीबोरीच्या गर्दीत ट्रक अडकलेल्या चालकाला नक्कीच खटकली असेल. माझ्या चौतीस ‘कार्रेतेरा’ंपैकी पाच येथे ‘त्राबेसिया’ व्हायला हव्या होत्या.

झिरो माइलच्या दगडाचा उपयोग मॅडमनी ज्या चातुर्याने केला त्याचे कौतुक करायला हवे. नागपूरच्या त्या वालुकाश्माच्या स्तंभापाशी उभे राहून देशभरची अंतरे मोजण्याची कल्पना आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. माद्रिदच्या ‘पुएर्ता देल सोल’ या चौकात, जुन्या टपाल-इमारतीच्या दारासमोर, जमिनीत ‘किलोमेत्रो सेरो’ची फरशी बसवलेली आहे आणि स्पेनचे सहा अरीय राजमार्ग तिथून मोजले जातात: ए-१ बुर्गोसच्या दिशेने, ए-२ बार्सेलोनाकडे, ए-३ व्हॅलेन्सियाकडे, ए-४ कादिसकडे, ए-५ बादाखोसकडे आणि ए-६ आ कोरुन्याकडे. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने क्रमांक वाढत जातात, त्यामुळे नकाशा न पाहताही ए-५ पश्चिमेकडे जाते हे सांगता येते.

आता सर्वांत वादाचा भाग, म्हणजे ‘आउतोपिस्ता’ आणि ‘आउतोबिया’. मराठीत दोन्हींना द्रुतगती मार्ग किंवा महामार्ग म्हणून आपण सुटतो, आणि बहुतेक मराठी-इंग्रजी-स्पॅनिश शब्दसूच्याही तसेच करतात. वर्गाची पुस्तिकाही पृष्ठ १९ वर ‘आउतोपिस्ता: टोल असलेला महामार्ग, आउतोबिया: टोल नसलेला महामार्ग’ एवढेच सांगून थांबते. हे अर्धसत्य आहे, आणि भाषांतरकाराला त्याच्यामुळे फसायला होते. स्पेनमध्ये ज्या आउतोपिस्तांवर टोल असतो त्यांपैकी बहुतेकांच्या क्रमांकापूर्वी ‘एपी’ ही अक्षरे असतात, हे खरे. परंतु भूमध्य समुद्रकाठाने जाणाऱ्या एपी-७ च्या मोठ्या भागावरचा टोल २०२० आणि २०२१ मध्ये उठला आणि रस्त्याचे नाव मात्र एपी-७ च राहिले. खरा फरक बांधणीत आहे. आउतोपिस्ता मुळातच केवळ मोटारींसाठी आखलेली असते, तिला लगतच्या शेतातून किंवा घरातून थेट शिरकाव नसतो, तिला कोणताही रस्ता समपातळीत छेदत नाही. आउतोबियासाठीही समपातळीतले चौक वर्ज्य आहेत आणि दोन्ही दिशांचे मार्ग वेगळे आहेत, पण लगतच्या जमिनींना तिच्यावर मर्यादित प्रवेश असू शकतो. यामागे इतिहास आहे: स्पेनने १९८४ ते १९९१ च्या रस्ते-आराखड्यात जुन्या राष्ट्रीय मार्गांच्या शेजारी दुसरा मार्ग टाकून अनेक आउतोबिया तयार केल्या, त्यामुळे त्यांतल्या कित्येकांना जुनीच वळणे आणि जुनेच चढ मिळाले. दोन्हींवर मोटारीची कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. चौदा वर्षांवरील सायकलस्वाराला, जिथे मनाईची पाटी नाही तिथे, आउतोबियाच्या कडेच्या पट्टीवरून जाता येते. आउतोपिस्तावर तसे जाता येत नाही.

या कसोटीवर आपले रस्ते लावून पाहण्याचा सराव वर्गात झाला आणि तो अतिशय उपयोगी ठरला. समृद्धी महामार्ग, ज्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तो एकूण ७०१ किलोमीटरचा रस्ता निःसंशय आउतोपिस्ता आहे: दुचाकीला बंदी, ठरावीक इंटरचेंजवरूनच प्रवेश, दुतर्फा कुंपण आणि अंतरानुसार टोल. पण राष्ट्रीय महामार्ग ४४ चे काय? तो चौपदरी आहे, मधे दुभाजक आहे, टोलही आहे. म्हणून वर्गातल्या आठ जणांनी त्याला आउतोपिस्ता लिहिले आणि तिघांनी आउतोबिया. परंतु जिथे दुभाजकाला खिंडार आहे, जिथून ट्रॅक्टर वळतो आणि बसमधून उतरलेला माणूस पिशवी घेऊन रस्ता ओलांडतो, तिथे दोन्ही शब्द चुकीचे आहेत. स्पेनच्या २०१५ च्या रस्ते कायद्याने अशाच रस्त्यासाठी ‘कार्रेतेरा मुल्तिकार्रिल’ हा वर्ग केला आहे, म्हणजे अनेक मार्गिकांची साधी कार्रेतेरा. टोल आहे म्हणून आउतोपिस्ता, हा आमच्या डोक्यातला जुना समज येथे मोडला. हा शब्द मी पहिल्यांदा याच वर्गात ऐकला आणि शुल्काचे निम्मे पैसे तिथेच वसूल झाले असे समजते. मॅडमनी तो तोंडी सांगितला. पुस्तिकेत तो नाही.

‘कामीनो’ हा शब्द पाचव्या रविवारी आला. वास्तविक तो पहिला यायला हवा होता, कारण नवशिक्यांकडून सर्वाधिक चुका याच शब्दाच्या होतात. पुस्तिकेत ‘कामीनो: रस्ता’ असे ठणठणीत छापले आहे. ज्याने हे वाचून नागपुरातल्या सेंट्रल अव्हेन्यूला कामीनो म्हटले त्याचा दोष नाही, पण ऐकणाऱ्या स्पॅनिश माणसाच्या डोळ्यांसमोर धुळीची, दगडगोट्यांची, चालत जाण्याची वाट उभी राहील. हा मूळचा केल्टिक शब्द लॅटिनमधून स्पॅनिशमध्ये आला. त्यात जाण्याची क्रिया आणि जाण्याची जागा दोन्ही सामावल्या आहेत, आणि म्हणूनच स्पेनमधल्या सान्तियागो या तीर्थक्षेत्राच्या पदयात्रेला ‘एल कामीनो’ म्हणतात. मराठीत त्याच्या सर्वांत जवळचा शब्द ‘रस्ता’ नसून ‘वाट’ आहे. वाटेला लागणे याला ‘पोनेर्से एन कामीनो’ जवळजवळ तंतोतंत बसते. रस्त्याने जाणे यातल्या ‘ने’ला ‘पोर’ आणि रस्त्यात भेटणे यातल्या ‘त’ला ‘एन’ हीही छान जोडी आहे. परंतु ही जवळीक किती धोक्याची आहे ते लगेच दिसले: एका विद्यार्थ्याने ‘मी तुझी वाट पाहत आहे’ याचे शब्दशः भाषांतर केले आणि फळ्यावर एखाद्या माणसाच्या पायवाटेचे निरीक्षण करणारे वाक्य उमटले. वाट पाहण्याला तिथे ‘एस्पेरार’ हे साधे क्रियापद आहे, त्यात वाटही नाही आणि पाहणेही नाही. वाट लागणे याचा विषय निघाला तेव्हा मॅडमनी हात जोडले.

त्याच तासाला काटोलकडून दर रविवारी मोटारसायकलने येणाऱ्या एका संत्रा बागायतदाराने विचारले, “मॅडम, आमच्या पांदणीले काय म्हणाचं? पावसाळ्यात तिच्यात ट्रॅक्टरही फसते.” शहरातल्या विद्यार्थ्यांना आधी पांदण म्हणजे काय हे सांगावे लागले: दोन शेतांच्या मधून, दुतर्फा काट्याकुट्यांची झाडे असलेली, बैलगाडी जाईल एवढी सोडलेली वाट, जिच्यावर अतिक्रमण झाले की दोन पिढ्या कोर्टात जातात. मॅडमनी ‘कामीनो रुराल’ हे सुरक्षित उत्तर दिले आणि मग त्याहून रंजक असे काही सांगितले. स्पेनमध्ये हंगामी स्थलांतर करणाऱ्या मेंढरांसाठी मध्ययुगापासून राखलेल्या सार्वजनिक वाटा आहेत आणि १९९५ च्या कायद्याने त्यांच्या रुंदीची कमाल मर्यादा ठरवली आहे: ‘कान्यादा’ ७५ मीटर, ‘कोर्देल’ साडेसदतीस मीटर आणि ‘बेरेदा’ २० मीटर. या वाटा विकता येत नाहीत, अडवता येत नाहीत, आणि त्यांतली एक माद्रिद शहरातून जात असल्यामुळे शरद ऋतूत एका रविवारी तिथल्या मोठ्या रस्त्यांवरून मेंढरांचा कळप हाकत नेला जातो. बागायतदाराने हे ऐकून “पंच्याहत्तर मीटर?” एवढेच म्हटले आणि बराच वेळ तो वहीकडे पाहत राहिला.

एवढे सगळे चांगले असताना पुस्तिकेविषयी नाराजी का, तर ‘बेरेदा’ याच शब्दामुळे. पुस्तिकेत तिचा अर्थ ‘अरुंद वाट’ एवढाच दिला आहे. स्पेनपुरता तो बरोबर आहे. पण अर्जेंटिना, पेरू आणि चिलीमध्ये बेरेदा म्हणजे रस्त्याकडेचा पदपथ, आणि कोलंबियात तर बेरेदा म्हणजे तालुक्यासारख्या नगरपालिका-क्षेत्राचा ग्रामीण विभाग, आपल्या वाडीवस्तीच्या जवळचे काहीतरी. माझ्या बोगोटाच्या ग्राहकाला मी ‘बेरेदावरून चालावे’ असे लिहिले असते तर त्याने चालकाला खेड्यात पाठवले असते. पदपथालाच घ्या: स्पेनमध्ये ‘आसेरा’, मेक्सिकोत ‘बांकेता’, कोलंबियात ‘आंदेन’, आणि हाच आंदेन शब्द स्पेनमध्ये रेल्वेचा फलाट होतो. शहरातल्या रस्त्यांची नावेही तशीच. बोगोटात ‘काये’ पूर्व-पश्चिम जातात आणि डोंगररांगेला समांतर, दक्षिणोत्तर धावणाऱ्या रस्त्यांना ‘कार्रेरा’ म्हणतात. तिथला पत्ता म्हणजे एका कार्रेराचा क्रमांक, जवळच्या कायेचा क्रमांक आणि कोपऱ्यापासूनचे अंदाजे अंतर मीटरमध्ये. पेरूत ‘खिरोन’ आहे. मेक्सिकोत टोलच्या रस्त्यावर ‘कुओता’ आणि बिनटोलच्या पर्यायी रस्त्यावर ‘लिब्रे’ अशा पाट्या असतात. अर्जेंटिनात स्पेनच्या कार्रेतेरासाठी सर्रास ‘रूता’ म्हणतात आणि तिथल्या गतिरोधकाला ‘लोमो दे बुर्रो’, म्हणजे गाढवाची पाठ, हे नाव आहे, जे नागपुरातल्या काही गतिरोधकांना स्पेनमधल्या कोणत्याही शब्दापेक्षा जास्त शोभते.

यातले बरेचसे मॅडमना माहीत होते, पण ते सगळे शेवटच्या रविवारच्या शेवटच्या चाळीस मिनिटांत कोंबले गेले, आणि पुस्तिकेच्या ४८ पानांत स्पेनबाहेरच्या देशांना मिळून दीड पान आहे. स्पॅनिश बोलणाऱ्यांपैकी मोठा बहुसंख्य भाग अमेरिका खंडात राहतो, आणि नागपुरातून ज्यांना या भाषेचे काम मिळते त्यांनाही ते बहुधा तिकडूनच मिळते. त्यामुळे ही उणीव सजावटीची नव्हे, पोटापाण्याची आहे. मी हे दुसऱ्या रविवारी मॅडमना सांगितले होते. त्यांनी ते मान्य केले, पुढच्या खेपेला स्वतः टंकलेखन केलेले एक पान आणले आणि ‘कार्रेरा’चा गोंधळ मोकळेपणाने सोडवला, हे नमूद करायलाच हवे. संस्थाचालकांनी मात्र पुस्तिका ‘प्रमाण’ असल्याचे सांगून विषय संपवला.

पुस्तिकेतल्या छपाईच्या चुकांविषयी मी फार बोलत नाही. दोन ठिकाणी स्वरचिन्हे गळली आहेत आणि फुटाळा तलावाकाठच्या रस्त्याला ‘मालेकोन’ हा शब्द सुचवला आहे. यावर वर्गात वाद झाला. मालेकोन समुद्राच्या किंवा नदीच्या काठचा, त्यामुळे तलावाला चालणार नाही, असे शब्दकोशाधारे एकाने ठासून मांडले. त्यावर मेक्सिकोतल्या चापाला तलावाकाठी मालेकोन आहे, असे मॅडमनी दाखवून दिले. माझे मत असे, की मेक्सिकन वाचक असेल तर मालेकोन ठेवावे आणि स्पॅनिश वाचक असेल तर ‘पासेओ’ लिहावे, कारण संध्याकाळी कुटुंबासह भुट्टा खात फिरण्याचा जो अर्थ फुटाळ्याला आहे तो पासेओमध्ये आपसूक येतो.

हाच अभ्यास घरी बसून फुकट करता येणार नाही काय, असे मला दोघांनी विचारले. स्पेनच्या शाही अकादमीचा शब्दकोश महाजालावर विनामूल्य आहे, आणि अमेरिकेतल्या प्रयोगांसाठी स्पॅनिश अकादमींच्या महासंघाने २०१० मध्ये काढलेला कोशही तिथे चाळता येतो. ज्याला स्पॅनिशमधून स्पॅनिश वाचता येते त्याने हे दोन्ही हाताशी ठेवावेतच. पण कोश ‘बेरेदा’चे सगळे अर्थ एकाखाली एक मांडून बाजूला होतो, उमरेड रोडवरच्या कोणत्या तुकड्याला कोणता अर्थ लावायचा हे ठरवण्याची सवय नकाशावर पेन्सिल घेऊन बसल्याशिवाय आणि समोरच्याने “इथे बसथांबा आहे, मग ती आउतोबिया कशी?” असे हटकल्याशिवाय लागत नाही. त्या सवयीसाठी ३,६०० रुपये मला जास्त वाटले नाहीत.

सोयीसुविधांविषयी थोडक्यात सांगायचे तर वर्गखोली दुसऱ्या मजल्यावर आहे, उद्वाहन नाही, कूलर एकच आहे आणि तो फळ्याजवळ असल्यामुळे एप्रिलच्या तुकडीत मागे बसणाऱ्यांचे हाल होतात. दुचाकी लावायला जागा आहे; चारचाकीने येणाऱ्याला गल्लीच्या तोंडाशी उतरावे लागते, आणि ती गल्ली, वर्गाच्या व्याख्येनुसार, अस्सल ‘कायेखोन’ आहे, पुढे बंद.

भाषांतर, पर्यटन किंवा मालवाहतूक यांपैकी कशासाठीही जे स्पॅनिश वापरतात आणि ज्यांची ए-२ पातळी खरोखर पूर्ण झाली आहे, त्यांनी हा वर्ग जरूर करावा, पण पुस्तिकेवर विसंबू नये; मॅडम जे तोंडी सांगतात ते वहीत उतरवून घ्यावे आणि प्रत्येक शब्दापुढे देशाचे नाव लिहावे. नवशिक्यांनी एक वर्ष थांबावे. माझ्या त्या चालकांच्या सूचनापुस्तिकेतले चौतीस ‘कार्रेतेरा’ मी नव्याने तपासले तेव्हा अकरा तसेच राहिले, पाच ‘त्राबेसिया’ झाले, नऊ ‘काये’, चार ‘कार्रेरा’, तीन ‘आउतोपिस्ता’ आणि गोदामाच्या आवारातला एक ‘बिया दे सेर्बिसियो’. उरलेला एक मूळ इंग्रजीतच चुकीचा होता. तिथे रस्ता नव्हे, धक्का अभिप्रेत होता, आणि ते ग्राहकाने मला दूरध्वनीवरून हसत हसत सांगितले.